वरचे अंकल आणि आमचा कुकर

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या देशाचंही नाही. एरवी गोष्ट सांगायला बसलो की मी नाव, गाव, आडनाव, कोण कुणाचा मेव्हणा, सगळं सांगतो. बायको म्हणते, "तुम्ही गोष्ट सांगत नाही, जनगणना करता." पण या एका माणसाच्या बाबतीत मी एकदा नको तेवढं सांगून बसलोय. तेव्हा इथे ते फक्त 'वरचे अंकल'. माझ्या दोन्ही मुली त्यांना तेच म्हणायच्या.

मस्कतमध्ये वादी कबीरला आमची बिल्डिंग चार मजल्यांची. दुसऱ्या मजल्यावर आम्ही. आमच्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्यावर, एका सोफ्याच्या वर्कशॉपने कामगारांसाठी फ्लॅट घेतलेला. पाच माणसं. चार केरळ आणि बांगलादेशची, पाचवे हे, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे. वय साठीच्या आसपास, उंची दाराच्या चौकटीएवढी, आणि अंगात बारा महिने काळा कोट. मे महिन्यातल्या मस्कतमध्ये कोट. मी एकदा विचारलं, "अंकल, उकडत नाही?" तर म्हणाले, "उकडतं. पण जायची वेळ आली तर कोट शोधत बसावं लागत नाही." मला तेव्हा तो विनोद वाटला. मी हसलोही.

ओळख झाली ती माझ्या गाण्यामुळे. मी वसईचा, इथल्या रुवीच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा असली की क्वायरमध्ये गातो. गातो म्हणजे उभा असतो. क्वायरमास्तर मला नेहमी एसीच्या युनिटखाली उभं करतात. मी स्वतः एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहे, त्यामुळे ते युनिट किती घरघरतं हे मला ठाऊक आहे; आणि ते दुरुस्त कर असं मास्तरांनी मला आजवर सांगितलेलं नाही. तर एका गुरुवारी संध्याकाळी मी बाथरूममध्ये सराव करत होतो. बेल वाजली. दारात हे उभे.

"गाणं चांगलं आहे," ते म्हणाले. "गाणारा कुठे आहे?"

"मीच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पोटातून गा. पोट आहे तुमच्याकडे. भरपूर आहे. वापरा."

त्यांची हिंदी वर्कशॉपमध्ये शिकलेली, अर्धी मल्याळी वळणाची, मध्येच अरबी 'यल्ला' आणि 'खलास'. मी ती इथे मराठीत सरळ करून लिहितोय. ते माझ्या बायकोला 'दादा' म्हणायचे आणि मला 'काका'. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही चाट पडलो. मग कळलं की त्यांच्या भाषेत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस मला काका म्हणतोय हे दुःख त्यामुळे निम्मं झालं. बायकोला मात्र 'दादा' फार आवडलं. तिला भाऊ नाही.

आमच्या घरी सोफा आहे. बरा, मऊ आहे. त्यावर ते कधी बसले नाहीत. बायकोच्या मावशीने वसईहून पाठवलेली नारळ खवायची खवणी आहे, पाटासारखी, पुढे लोखंडी पातं असलेली. ती पाहिल्यावर ते लहान मुलासारखे हरखले. त्यांच्याकडे डिट्टो तशीच असते, आणि तिला ते बकरी म्हणतात. त्या दिवसापासून आमच्या घरात ती त्यांची जागा. दाराकडे तोंड करून बकरीवर बसायचे आणि बोलता बोलता नारळ खवून द्यायचे.

"सोफ्यावर बसा ना," मी म्हणायचो.

"मऊ जागी बसून माणूस मऊ गातो." मग स्वतःशीच हसायचे. "काका, बघा माझं नशीब. वीस वर्षं मी एका माणसाला खुर्चीवरून उठवायला गायलो. आता लोकांनी आरामात बसावं म्हणून सोफे भरतो."

वर्कशॉपमधली पोरं सांगायची, हा म्हातारा सोफा तयार झाला की त्याच्यावर बसून एक लांब सूर लावतो. सूर पोटातून आला तर म्हणतो, "स्प्रिंग ठीक." छातीत अडकला तर कापड उसवून पुन्हा भरतो. अर्बाब म्हणजे मालक आधी वैतागला होता. मग त्याच्या लक्षात आलं की या म्हाताऱ्याचा एकही सोफा परत येत नाही.

आयुष्याची हकिकत त्यांनी कधी सलग सांगितली नाही. नारळाच्या किसासारखी थोडी थोडी पडायची. बाप बंदरात गोणी वाहायचा. हे लग्नांत गायचे. एकदा नवरदेवाच्या कौतुकाचं गाणं म्हणता म्हणता मध्येच तांदळाच्या भावावर दोन ओळी जोडल्या, आणि वऱ्हाडाने त्या दोन ओळीच पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्या. "नवरदेव रुसला," ते म्हणाले, "पण मला माझा धंदा कळला." पुढे गोदीतल्या कामगारांच्या सभा, मग मैदानं, मग मोठी मैदानं. एका मंत्र्याने गाडीची चावी पाठवली, ती यांनी मंत्र्याच्या ड्रायव्हरलाच भेट दिली. तीन वेळा आत गेले. तुरुंगात ताटावर चमचा वाजवून गायचे, तर चमचा काढून घेतला. मग हाताने जेवायची सवय लागली, ती राहिली. आमच्याकडे त्यांना चमचा दिला की ते तो उलटा करून ताटाच्या कडेला ठेवत.

सगळ्यात गाजलेलं गाणं होतं नाखव्याचं. होडीतले लोक विचारतात, नाखवा, किनारा किती लांब? नाखवा म्हणतो, आता आला, आता आला. एकेक कडव्यात होडीतलं पाणी संपतं, पोरं म्हातारी होतात, नाखव्याचं पोट सुटतं, आणि दर वेळी तेच उत्तर. गंमत अशी की 'आता आला' हे गायकाने म्हणायचं नाही, ऐकणाऱ्यांनी म्हणायचं. तिकडे अख्खं मैदान म्हणायचं. त्यांच्या देशाचा नाखवा अजून तोच आहे.

त्यांचं एक वाक्य होतं : गाणं आणि मासळी, त्याच दिवशी संपवायची. साठवली की जीव घेते.

हे नुसतं वाक्य नव्हतं. एका शाळामास्तरच्या गादीखाली या गाण्याची कॅसेट सापडली होती. मास्तर परत आला नाही. "मी त्याला ओळखत नव्हतो," अंकल म्हणाले. नारळ खवायचा हात थांबला होता. "हवेत विरलेला सूर पोलिसांना पकडता येत नाही, काका. कॅसेट हातात येते. माझा आवाज त्याच्या गादीखाली होता आणि मी दुसऱ्या गावात बिर्याणी खात होतो." त्यानंतर त्यांनी आवाज कुठेही साठवू दिला नाही. मग एका गलबतावर खलाशांचा स्वयंपाकी म्हणून निघाले. तिकडच्या सरकारने जाहीर केलं, गायक बुडून मेला. यांनी खोडून काढलं नाही. "मेलेल्या माणसाला समन्स येत नाही." पासपोर्टावर त्यांचं घरचं लांबलचक नाव होतं, गाणाऱ्याचं नाव वेगळंच. इथल्या दूतावासातल्या कारकुनाला त्या दोन नावांचा मेळ कधी बसला नाही. मागे एक धाकटी बहीण होती, बंदराजवळ खाण्याची टपरी चालवायची. ते जिवंत आहेत हे फक्त तिला माहीत होतं.

आमच्या घरी ते गायला लागले ते शुक्रवारच्या जेवणानंतर, आणि एका अटीवर. अटीचा विधी ठरलेला. ते उठायचे, सगळ्यांचे फोन गोळा करायचे, ओट्यावरचा रिकामा प्रेशर कुकर घ्यायचे, फोन आत, झाकण फिरवून घट्ट, वर शिट्टीसुद्धा. मग कुकर परत ओट्यावर. मग गाणं. मुली खिदळायच्या. माझ्या मुली मराठी बोलताना दर चार शब्दांनी अडखळतात, पण नाखव्याच्या गाण्यातलं उत्तर त्यांना त्या परक्या भाषेत बिनचूक पाठ होतं. आम्ही चौघं मिळून ते एवढंसं मैदान भरायचो. त्या दहा मिनिटांत अंकलचा चेहरा असा व्हायचा की मी बाथरूममध्ये गाणं बंद केलं. लाज वाटली.

कुकरात एक फोन जात नसे. माझा ऑफिसचा. उन्हाळ्यात इथे कुणाचा एसी बंद पडला तर तो माणूस तीन रिंगांपलीकडे थांबत नाही. चौथ्या रिंगला मॅनेजर थांबत नाही. पहिल्या शुक्रवारी अंकलनी त्या फोनकडे बोट केलं. "हा?"

"हा नोकरीचा. यावर फक्त तक्रारी येतात."

"कॅमेरा?"

"आहे. पण मला कुठे वापरता येतो!"

ते हसले आणि तो फोन त्यांनी माझ्या हातात परत ठेवला.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. आमच्या घरचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रोज सकाळी गुलाबाची फुलं, कुणाचा तरी वाढदिवस, कुणाच्या तरी तेराव्या पुण्यतिथीची मिस्सा. माझा एक चुलत भाऊ कॅनडात असतो. त्याने फोटो टाकला, शेजारी राहणाऱ्या आइस हॉकीच्या खेळाडूबरोबर. ग्रुपवर धो धो अंगठे. माझ्या आत्याने लिहिलं, 'बघा, शेजार असावा तर असा.' आत्याला मी सोळा वर्षं मस्कतहून खजूर नेतोय. मला एकही अंगठा नाही.

त्या शुक्रवारी अंकल गात असताना मी ऑफिसचा फोन गुडघ्यावर उभा धरला. मिनिटभर. कुणाला कळलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं : 'आमचे शेजारी. आफ्रिकेचे फार मोठे गायक.' 'फार मोठे' हे शब्द लिहिताना मला स्वतःलाच उंच झाल्यासारखं वाटलं. एकोणीस अंगठे आले. आत्याने लिहिलं, 'किती गोड गळा!'

तीन आठवड्यांनी, अशाच एका शुक्रवारी, अंकल जेवणाच्या आधीच खाली आले. हातात वर्कशॉपमधल्या पोराचा फोन. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. आमची खोली, बकरीवर बसलेले अंकल, माझ्या मुलींचे आवाज. खाली त्यांच्या भाषेतल्या ओळी. आणि मागे, ओट्यावर, झाकण लावलेला आमचा कुकर.

"एक सोडून सगळे फोन आत होते," ते म्हणाले. "मी मोजले होते."

बायकोने कुकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड उघडायच्या आधीच तिला कळलं की हे माझंच काम.

"किती जणांना पाठवलं?" अंकलनी विचारलं.

"फक्त घरच्यांना."

"घरचे किती?"

"बेचाळीस."

बायको म्हणाली, "बेचाळीस जण घरचे असतात का हो कुणाचे?"

घरच्यांपैकी एक भाचा जहाजावर आहे. त्याने तो त्याच्या बोटीवरच्या दोस्ताला दाखवला, कौतुकाने. दोस्त त्या देशाचा निघाला. तिकडे निवडणूक आलेली. मेलेला गायक जिवंत आहे, आणि नाखव्याचं गाणं गातोय! बंदरातली पोरं रस्त्यात उभी राहून एकमेकांना विचारायला लागली, किनारा किती लांब. त्यातली काही पोलिसांनी उचलली. मग कुणीतरी जुनी कागदपत्रं उघडली, दोन नावांचा मेळ घातला, आणि टपरीवरून बहिणीला नेलं.

मी ग्रुपवर जाऊन लिहिलं, कृपया तो व्हिडिओ सगळ्यांनी काढून टाका. आत्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि लिहिलं, 'अजून एक गाणं पाठव ना.'

दूतावासातल्या माणसाने अंकलना चहा पाजला. आवाज चढवला नाही. पासपोर्टाची मुदत संपत आली आहे हे सांगितलं. बहीण सरकारची पाहुणी आहे, तब्येतीने बरी आहे, असंही. आणि एक कागद दिला. त्यावर नवे शब्द होते. चाल तीच हवी, खोली तीच हवी. नाखव्याने किनारा दाखवला, आम्ही उतरलो, आता पोटभर जेवतोय, असं काहीसं. घडी घातलेला कागद अंकलनी मला दाखवला.

"पासपोर्टाचं काही नाही," ते म्हणाले. "मी कुठेही मरेन. पण ती छप्पन वर्षांची आहे. तिने कधी एक ओळ गायली नाही. तिचा आवाज माझ्याहून चांगला होता, तरी नाही गायली. म्हणायची, घरात एक पुरे."

"मी दूतावासात येतो," मी म्हणालो. "सांगतो त्यांना, चूक माझी आहे. तुम्हाला माहीतसुद्धा नव्हतं."

"काका," ते म्हणाले, "तुम्ही एसीवाले. तुम्हाला तिथे एसी बघायला लावतील." मग, अजिबात न रागावता, "तुम्हाला शूटिंग चांगलं येतं. तोच फोन आणा."

मुलींना त्यांनी आत पाठवलं. दार लावायला सांगितलं. मी वाट बघत होतो की ते बकरीवर बसतील. ते आमच्या सोफ्यावर बसले. पहिल्यांदाच. कोट काढून घडी करून बाजूला ठेवला. कोटाशिवाय ते कुणीतरी दुसरेच दिसत होते, शर्टाची कॉलर आतून विरलेली.

मी फोन धरला. बायकोने मला स्टूल आणून दिलं, कोपर टेकायला. ती स्वतः स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

ते वाईट गायले असते तर बरं झालं असतं. ते सुंदर गायले. सूर कुठेही छातीत अडकला नाही. फक्त जिथे आम्ही चौघं उत्तर द्यायचो तिथे ते सवयीने थांबले, आणि मग कागदावरचं उत्तर स्वतःच म्हणाले. प्रत्येक कडव्याला. आतल्या खोलीत एकदा धाकटीच्या तोंडून जुनं उत्तर निघायला लागलं, आणि थोरलीने तिच्या तोंडावर हात ठेवलेला मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "आलं का नीट?"

"आलं."

"मग दूतावासात पाठवा. या वेळी मी सांगतोय म्हणून पाठवा."

बहीण नवव्या दिवशी सुटली. पासपोर्टही झाला, नवा, कडक पानांचा. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी. मी पेढे आणायचं बोलत होतो, यावरून माझी अक्कल ओळखा. पेढे आणायच्या आधीच अंकल खाली आले आणि बकरीवर बसले. नारळ नव्हता. हात नुसते मांडीवर.

"फोन आला होता तिचा," ते बायकोला म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हणाली, मी आत होते तेव्हा शेजारच्या कोठडीत बंदरातली पोरं होती. ती रात्रंदिवस नाखव्याचं गाणं म्हणायची. मार खायची, पुन्हा म्हणायची. एका सकाळी शिपायाने कोठडीबाहेर फोन धरला आणि त्यांना तुझं नवं गाणं ऐकवलं. त्यानंतर कुणी गायलं नाही. म्हणाली, मी अजून थोडे दिवस राहिले असते आत. तुला कुणी विचारलं होतं?"

"रागात असतील," बायको म्हणाली. "करतील पुन्हा फोन."

"दादा," ते म्हणाले, "तुला भाऊ नाही ना. बरं आहे."

तिने पुन्हा फोन केला नाही. हे करायचे, ती उचलायची नाही. वर्कशॉपमधली पोरं म्हणाली, म्हातारा आता सोफ्यावर बसून बघत नाही. शिवतो आणि पुढे ढकलतो. दोन सोफे परत आले.

उन्हाळा संपता संपता वर्कशॉपने त्यांना दूर दक्षिणेला, सलालाहच्या शाखेत पाठवायचं ठरवलं. तिथे हवा थंड, नारळाच्या बागा, मी उगाच वर्णन करत बसलो, जणू मीच त्यांना फिरायला पाठवतोय. जायच्या आधीच्या शुक्रवारी बायकोने त्यांना जेवायला बोलावलं. नारळाच्या दुधातला भात, तळलेली सुरमई. मुली चांगले कपडे घालून बसल्या होत्या.

जेवणं झाली. मी उठलो. कुणी काही म्हणालं नव्हतं; माझं मीच ठरवलं होतं. बायकोचा फोन घेतला, थोरलीचा घेतला, माझा घेतला, अंकलचा बटणांचा जुना फोन त्यांच्यापुढून उचलला. शेवटी ऑफिसचा. पाचही कुकरात ठेवले, झाकण फिरवून घट्ट केलं, शिट्टी बसवली, कुकर ओट्यावर ठेवला आणि माझ्या जागेवर येऊन बसलो. गा, असं म्हणायचं धाडस नव्हतं. पण एवढं केलं की त्यांना कळेल, असं वाटलं.

ते बकरीवर बसून कुकरकडे बघत राहिले. मुली त्यांच्याकडे. धाकटीने उत्तर द्यायला श्वाससुद्धा घेऊन ठेवलेला.

कुकरात फोन वाजायला लागला. ऑफिसचा. ॲल्युमिनियमच्या आत तो असा घुमत होता की ओट्यावरचे चमचे थरथरले. एक रिंग. दोन. तीन. चार. मी जागचा हललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाच्या एसीशी, मॅनेजरशी, नोकरीशी काही देणंघेणं नव्हतं. वाजून थांबला. पुन्हा सुरू झाला.

अंकल उठले. ओट्यापाशी गेले, शिट्टी काढली, झाकण फिरवून उघडलं आणि फोन काढून माझ्या हातात दिला.

"उचला, काका," ते म्हणाले. "कुणीतरी उकाड्यात बसलं असेल."

मग त्यांनी बाकीचे फोन एकेक करून ज्याचे त्याला दिले, स्वतःचा कोटाच्या खिशात टाकला, आणि झाकण कुकरवर न लावता बाजूला, उताणं ठेवलं.